थेम्सच्या कांठची परिचर्याशाळा

लंडन शहर पाहावयास गेलेला प्रवासी वेस्टमिन्स्टरच्या पुलावर एकदां तरी उभा राहतोच. पुलाच्या पश्चिम टोंकास पार्लमेंटची इमारत व तिचें जगप्रसिद्ध घड्याळ आहे; त्याचीं छायाचित्रें घेण्यासाठीं तेथें सकाळपासून गर्दी लोटलेली असते. त्याच घड्याळाकडे पाठ करून पूल ओलांडला, म्हणजे पूर्वतीरावर उजव्या हातास नदीला लागून एक अवाढव्य रुग्णालय दिसतें. तिकडे वळून पाहणारे थोडेच. हेंच सेंट टॉमस रुग्णालय. परिचारिकेच्या धंद्यास आज जगभर जें शिस्तीचें व शिक्षणाचें रूप आलें आहे, त्याचा उगम पुष्कळ अंशीं ह्या संस्थेंत झाला. लंडनला जाण्याचा योग आला, तेव्हां आम्हीं एक सबंध दिवस ह्या रुग्णालयाच्या परिसरांत काढला.

ह्याचें कारण घरगुती होतें. आमची धाकटी पुतणी परिचर्याशास्त्राची चार वर्षांची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडली होती, व तिला दोन ठिकाणांहून नोकरीचें बोलावणें आलें होतें. एका ठिकाणीं एकदम अतिदक्षता विभागांत काम होतें. दुसऱ्या ठिकाणीं जनरल वॉर्डांत. पगार पहिल्या ठिकाणीं अधिक होता. घरांत दोन तट पडले. वडीलबंधूंचें म्हणणें असें, कीं यंत्रें हातांखालून गेलीं म्हणजे परदेशची वाट मोकळी होते. तेव्हां वॉर्डांत वर्ष फुकट घालविण्यांत काय हंशील? आमच्या मातोश्रींचें मत उलट होतें. त्या म्हणाल्या, "आधीं वरणभात धड करतां यावा, मग पक्वान्नांच्या गोष्टी." वहिनी उघड कांहीं बोलल्या नाहींत; परंतु वॉर्डांत रोग्यांचीं मलमूत्राचीं भांडीं उचलावीं लागतात हें त्यांच्या मनाला लागून राहिलें होतें, हें सर्वांस कळत होतें. नव्या परिचारिकेनें आरंभ कोठें करावा, हा प्रश्न आज आपल्यांतील इतरही घरांत निघत असेल. म्हणून त्या दिवशीं जें पाहिलें व ऐकलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

सेंट टॉमस रुग्णालय मुळांत ह्या जागीं नव्हतें. १८६० सालीं त्याला परिचारिकांची शाळा जोडण्यांत आली, त्या वेळीं तें लंडन पुलाजवळ सदर्क भागांत होतें. क्रिमियन युद्धांत (१८५३–५६) फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं जी शुश्रूषा केली, तिच्याबद्दलची कृतज्ञता म्हणून लोकांनीं वर्गणी जमविली व परिचारिकांच्या शिक्षणासाठीं ती बाईंच्या हवालीं केली. त्या निधींतून ही शाळा निघाली. पहिल्या तुकडींत अवघ्या १५ उमेदवार स्त्रिया होत्या. पुढें दोनच वर्षांत रेल्वेसाठीं ती जागा सोडावी लागली. कांहीं वर्षें तात्पुरत्या जागेंत गेलीं. १८६८ सालीं राणी व्हिक्टोरियानें नव्या इमारतीची कोनशिला बसविली, व १८७१ सालीं हल्लींच्या जागीं रुग्णालय सुरू झालें. दुसऱ्या महायुद्धांत १९४० सालीं येथें बाँब पडून मोठी नासधूस झाली. त्यामुळें पुलाकडील बाजूस आतां नव्या धर्तीची चौकोनी इमारत दिसते. दक्षिणेकडे मात्र जुन्या इमारतींपैकीं कांहीं अद्याप उभ्या आहेत.

ह्या जुन्या इमारतींची रचना बाईंच्या मताप्रमाणें झालेली आहे. एकाच मोठ्या वाड्यांत सगळे रोगी न कोंबतां, सुट्या सुट्या इमारती नदीच्या कांठानें ओळीनें बांधाव्या, मधून वारा खेळावा, व प्रत्येक मजल्यावर एकच लांबट दालन असावें, असा तो बेत होता. दालनाच्या दोन्ही अंगांस उंच खिडक्या. खिडक्यांच्या मधून खाटा. खाटांची संख्या तीसच्या आसपास. आणि सर्वांवर नजर पोहोंचेल अशा जागीं सिस्टरचें मेज. हल्लीं अशीं लांब दालनें कोणी बांधीत नाहीं. एकाचा रोग दुसऱ्यास लागूं नये, रोग्याची लज्जा राखली जावी, हे विचार आतां पुढें आले आहेत, व ते योग्यच आहेत. तरीपण ती रचना ऐकतांना आम्हांस आपल्याकडील जुन्या माजघराची आठवण झाली. आजीबाई मधोमध बसून वाती वळीत असल्या, तरी कोणतें पोर आज जेवलें नाहीं, कोणत्या सुनेचा चेहरा उतरला आहे, हें त्यांना जागचें न हलतां कळत असे. वॉर्डाची ती रचना नव्या मुलीला हेंच शिकविण्यासाठीं होती.

रुग्णालयाच्या आवारांतच १९८९ सालीं उघडलेलें नाइटिंगेल बाईंचें संग्रहालय आहे. चित्रांतून बाईंच्या हातीं जो घाटदार दिवा दाखवितात, तसा तेथें नाहीं. घडी घालतां येणारा तुर्की पद्धतीचा साधा कंदील ठेवलेला आहे. बाईंची औषधांची पेटी आहे, व त्यांनीं पाळलेलें घुबड पेंढा भरून ठेविलेलें आहे. लहान मुलांस त्या घुबडाचेंच कौतुक अधिक. आम्हांस मात्र त्या शाळेचा अभ्यासक्रम फार बोधप्रद वाटला. उमेदवार मुलीचें शिक्षण एक वर्षाचें असे, आणि तें बहुतेक वॉर्डांतच होई. जखमा धुणें व बांधणें, जळवा लावणें, शेक देणें, अंग चोळणें, ज्यांना कूसही पालटतां येत नाहीं अशा रोग्यांस हलविणें व स्वच्छ ठेवणें, बिछाना घालणें, पथ्याचें अन्न शिजविणें, दालनांत हवा खेळती राखणें, शस्त्रक्रियेच्या वेळीं मदतीस उभें राहणें, बरें होत आलेल्यांची व्यवस्था पाहणें, हीं सर्व कामें प्रत्येकीस येणें भाग होतें. मेट्रन वॉर्ड्रोपरबाई दर महिन्यास प्रत्येक मुलीविषयीं तक्ता भरीत. त्यांत ह्या कामांच्या जोडीला वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा ह्यांचेही रकाने असत. रोग्याचें निरीक्षण हा तर बाईंच्या शिकवणीचा कणा होता. रोगी कसा श्वास घेतो, कसा झोंपतो, अन्न किती टाकतो, त्वचा कशी दिसते, हें पाहून डॉक्टरांस नेमकें सांगतां आलें पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असे.

ह्या शाळेंतून बाहेर पडलेली परिचारिका कोठें जाईल ह्याचा नेम नसे. १८६८ सालीं ल्यूसी ऑसबर्न ह्या पांच सहकारी स्त्रियांसह ऑस्ट्रेलियांत सिडनीला गेल्या, व तेथील रुग्णालयाची घडी त्यांनीं बसविली. ज्या बाईला परक्या मुलुखांत सबंध रुग्णालय हातीं घ्यावयाचें, तिला एकाच रोगाची किंवा एकाच यंत्राची माहिती पुरण्यासारखी नव्हती. 'आधीं सर्व प्रकारचे रोगी पाहा' हा नियम अशा गरजेंतून आलेला आहे.

परंतु विशेष कामास विशेष शिक्षण लागतें हेंही त्याच काळांत दिसून आलें. नाइटिंगेल निधींतूनच लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत सुइणींच्या शिक्षणासाठीं एक वॉर्ड चालविला जात होता. तेथें बाळंतिणींना सूतिकाज्वर होऊं लागला, मृत्यु ओढवले, व १८६७ सालीं तो वॉर्ड बंद करावा लागला. पुढें १८७१ सालीं बाईंनीं प्रसूतिगृहांवर एक पुस्तक लिहिलें, व बाळंतिणींची व्यवस्था इतर रोग्यांहून वेगळी असली पाहिजे हें आंकड्यांनिशीं मांडलें. सर्वसाधारण वॉर्डांतील चांगली संवय बाळंतिणीच्या खाटेपाशीं जशीच्या तशी पुरी पडत नाहीं, हा धडा फार महाग पडला.

इंग्लंडांत हा वाद तेव्हांपासून सुरूच आहे. १९१९ सालीं परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यांत मुख्य नोंदवही सर्वसाधारण परिचारिकांची होती. मुलांच्या, मनोरुग्णांच्या व तापाच्या रुग्णालयांतील परिचारिकांच्या वह्या निराळ्या पुरवणीदाखल होत्या. ह्या मांडणीमुळें सर्वसाधारण शिक्षण हें मूळ व इतर त्याच्या फांद्या, अशी समजूत दृढ झाली. आतां तेथें निराळी रीत आहे. प्रौढांची परिचर्या, मुलांची, मनोरुग्णांची, कीं बुद्धीनें मंद राहिलेल्यांची, हें विद्यार्थिनीस शिक्षणाच्या आरंभींच निवडावें लागतें. आपल्याकडे मात्र पदवीच्या चार वर्षांत सर्व शाखा थोड्याथोड्या शिकवितात, व विशेष शाखेचें शिक्षण पदवीनंतर येतें. त्यामुळें इंग्लंडांतील मुलीपुढें हा प्रश्न शाळेच्या दारांत उभा राहतो, आणि आपल्या मुलीपुढें पहिल्या नोकरीच्या दारांत.

त्या दिवशीं आमच्या सोबतीस एक मराठी बाई होत्या. मूळच्या मिरजेकडच्या, लंडनमधील दुसऱ्या एका रुग्णालयांत पंधरा वर्षें परिचारिका आहेत, व त्यांपैकीं सात वर्षें अतिदक्षता विभागांत गेलीं आहेत. आम्ही त्यांना ताई म्हणत होतों. दोन प्रहरीं नदीकांठच्या बांकावर बसून डब्यांतील पोळीभाजी खातांना आम्हीं त्यांस घरांतला वाद सांगितला. त्या हंसून म्हणाल्या, "काका, आमच्या विभागांत प्रत्येक खाटेपाशीं यंत्र असतें. कांहीं बिघडलें कीं तें लागलीच ओरडतें. वॉर्डांत ओरडणारें कोणी नसतें. काल गप्पा मारणारे आजोबा आज भिंतीकडे तोंड करून पडले आहेत, ताट तसेंच परत गेलें आहे, श्वास मिनिटाला सोळाचे चोवीस झाले आहेत, हें आपणच पाहावें लागतें. श्वास मोजायला पुरा एक मिनिट लागतो, म्हणून घाईंत नेमका तोच राहून जातो."

इंग्लंडांतील वैद्यांच्या रॉयल कॉलेजनें २०१२ सालीं ह्याचसाठीं गुणांचा एक तक्ता काढला, व २०१७ सालीं तो सुधारला, असें ताईंनीं सांगितलें. श्वासाची गति, रक्तांतील प्राणवायु, रक्तदाब, नाडी, शुद्धि व ताप ह्या सहा गोष्टींना गुण द्यावयाचे. बेरीज वाढली, कीं वरिष्ठांस हांक मारावयाची. त्यांत श्वासाचा रकाना पहिला आहे. "पण तो तक्ता भरायला खाटेपाशीं जावें लागतें ना?" ताई म्हणाल्या. "खाटेपाशीं केव्हां जावें, हें वॉर्डच शिकवितो. मी तें आधीं शिकलें होतें, म्हणून यंत्राच्या आधीं मला माणूस दिसे."

म्हणजे मातोश्रींचें म्हणणें खरें ठरलें, असें आम्ही म्हणतों न म्हणतों तोंच ताईंनीं दुसरी बाजू मांडली. त्यांच्या विभागांत केरळची एक मुलगी शाळेंतून थेट आली होती. आरंभींचे कित्येक आठवडे तिच्याकडे स्वतंत्र रोगी दिलाच नाहीं. एका अनुभवी परिचारिकेच्या शेजारीं उभें राहून तिनें सारें काम पाहिलें व केलें. आज ती इतर मुलींना शिकविते. "उलट," ताई म्हणाल्या, "वॉर्डांत वर्षभर राहूनही कांहींच न शिकलेल्या मुली मीं पाहिल्या आहेत. रात्रीं दोघींच्या अंगावर सगळा वॉर्ड. औषधें वांटतां वांटतां पहांट होते. चुकलें कीं बोलणी खायचीं. तिथें बघायला शिकणार केव्हां? आणि शिकविणार कोण?"

ह्या बोलण्यानें आमच्या विचारास निराळी दिशा मिळाली. जनरल वॉर्ड ही उत्तम शाळा आहे खरी. पण शाळेंत गुरु असावा लागतो. नाइटिंगेल बाईंच्या वॉर्डांत तीस खाटांबरोबर सिस्टरचें मेजही होतें, व तक्ता भरणारी मेट्रनही होती. तें मेज रिकामें असेल, तर उरलेल्या तीस खाटा नव्या मुलीला फक्त दमवितील.

दुपारनंतर आम्ही रुग्णालयाच्या बाहेरील नदीकांठच्या वाटेनें चालत गेलों. तेथील दगडी भिंत सुमारें अर्धा किलोमीटर लांब तांबड्या बदामांनीं भरलेली आहे. कोविडच्या सांथींत दगावलेल्या प्रत्येक माणसासाठीं एकेक बदाम, अशा संकल्पानें स्वयंसेवकांनीं व आप्तेष्टांनीं २०२१ च्या मार्चपासून ते हातानें रंगविले. कित्येक बदामांत नांवें लिहिलेलीं आहेत. त्यांत कांहीं आपल्या देशाकडचींही दिसलीं. भिंतीच्या एका अंगास नदी व पलीकडे पार्लमेंट. दुसऱ्या अंगास तेंच रुग्णालय, जेथें २०२० च्या एप्रिलमध्यें त्या वेळचे मुख्य प्रधान बोरिस जॉन्सन अतिदक्षता विभागांत होते.

त्या वसंतांत काय झालें, हें ताईंनीं चालतां चालतां सांगितलें. एरव्हीं कृत्रिम श्वासावर असलेल्या एका रोग्यामागें एक परिचारिका, असा तेथील दंडक आहे. सांथींत तो पाळणें अशक्य झालें. एका तज्ज्ञ परिचारिकेनें अनेक रोग्यांवर देखरेख ठेवावी, व वॉर्डांतून, शस्त्रक्रियागृहांतून आणलेल्या परिचारिकांनीं तिच्या हाताखालीं काम करावें, अशी तजवीज करावी लागली. "आलेल्या मुलींना श्वासयंत्र येत नव्हतें," ताई म्हणाल्या, "पण रोग्याला पालथें घालणें, पाठीवर फोड येऊं न देणें, तोंड स्वच्छ ठेवणें, घरच्यांना फोनवर धीर देणें, हें त्यांना येत होतें. त्या नसत्या, तर आमच्या यंत्रज्ञानाचा उपयोग झाला नसता. आणि आम्ही नसतों, तर त्या यंत्रापुढें नुसत्या उभ्या राहिल्या असत्या." बोलतां बोलतां त्या एका बदामापाशीं थांबल्या. त्यावर कोणाचें नांव होतें, हें आम्हीं विचारलें नाहीं.

परततांना आवारांत मेरी सीकोल बाईंचा उंच पुतळा पाहिला. तो २०१६ सालीं उभारला. ह्या जमेकाच्या. कोणत्याही शाळेंत त्या गेल्या नव्हत्या. किंग्स्टन गांवीं आईच्या खानावळींत येणारे आजारी शिपाई पाहून त्या शुश्रूषा शिकल्या, पुढें पटकीच्या सांथींत कामास आल्या, व क्रिमियाच्या रणभूमीजवळ स्वतःच्या खर्चानें जाऊन राहिल्या. त्यांना गुरु लाभला तो आईच्या रूपानें. शाळा असो वा खानावळ, शिकणारीच्या शेजारीं जाणतें माणूस होतें, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

आतां वहिनींच्या न बोललेल्या आक्षेपाविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें. कारण तो एकट्या त्यांचा नाहीं. पुण्यास रमाबाई रानडे ह्यांच्या सेवासदनानें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत ससून रुग्णालयांत परिचारिकेच्या शिक्षणास स्त्रिया पाठविल्या. त्यांत आपल्या समाजांतील विधवाही होत्या. परक्यांचें अंग पुसणें, त्यांचीं भांडीं उचलणें हें काम आपल्या मुलींचें नव्हे, असें त्या वेळीं घरोघर म्हटलें जाई. आज तसें उघड कोणी म्हणत नाहीं. परंतु मुलगी 'आय. सी. यू.'मध्यें आहे हें सांगतांना जो आवाज चढतो, तो 'जनरल वॉर्डांत आहे' हें सांगतांना कां उतरतो, ह्याचा प्रत्येकानें आपल्या मनाशीं विचार करावा. शिक्षणाच्या दृष्टीनें वॉर्ड नको असेल, तर तसें म्हणावें. सोंवळ्याच्या दृष्टीनें नको असेल, तर त्याला शिक्षणाचें नांव देऊं नये. अतिदक्षता विभागांतील बेशुद्ध रोग्याचेंही सर्व कांहीं परिचारिकेलाच करावें लागतें, हेंही लक्षांत असावें.

आमच्या पुतणीस आम्हीं हें सर्व पत्रानें कळविलें, व निर्णय तिजवर सोंपविला. तिनें दोन्ही ठिकाणीं स्वतः जाऊन चौकशी केली. जनरल वॉर्डाच्या ठिकाणीं पंधरवड्यांतच रात्रपाळी एकटीवर पडणार होती. अतिदक्षता विभागाच्या ठिकाणीं तिनें विनंति केली, कीं पहिले सहा महिने मला तुमच्याच औषधोपचाराच्या व शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत ज्येष्ठ सिस्टरच्या हाताखालीं ठेवा. ती मान्य झाली. पगार तेवढे दिवस थोडा कमी पडला. दोन्ही तटांचें समाधान झालें असें नाहीं, पण दोघांनाही बोलावयास जागा राहिली नाहीं.

आमचें मत विचाराल तर असें आहे. नव्या परिचारिकेनें सहा महिने ते एक वर्ष जनरल वॉर्डांत काढावें. निरनिराळ्या वयाचे, निरनिराळ्या रोगांचे लोक, बरे होत आलेले आणि अखेरच्या वाटेस लागलेले, हे सर्व तिच्या नजरेखालून जावेत. ज्या मुलीचा ओढा आरंभापासून लहान मुलांकडे किंवा मनोरुग्णांकडे आहे, तिला ह्या नियमानें अडवूं नये. तीं क्षेत्रें स्वतःच एकेक जग आहेत. परंतु वॉर्ड असो कीं विशेष विभाग, रुजूं होण्यापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं पगाराच्या आंकड्याबरोबर आणखी कांहीं गोष्टी मुलीकडून विचारवून घ्याव्यात: आरंभींचे किती आठवडे तिजकडे स्वतंत्र रोगी देणार नाहींत, रात्रपाळींत एका परिचारिकेकडे किती रोगी असतात, शंका आली तर मध्यरात्रीं कोणास हांक मारावयाची, आणि तिचें काम पाहून, चुकलें तेथें सांगून, दर महिन्यास तिची प्रगति लिहून ठेवणारें कोणी आहे कीं नाहीं. ह्यांचीं उत्तरें जेथें सरळ मिळतील, तेथें आपल्या मुलीला निर्धास्तपणें पाठवावें.